मेलेली बुरशी आमच्या गळ्यात मारू नका

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई यांस

सप्रेम नमस्कार.

साहेब, पत्रास कारण हुमणी, म्हणजे उसाची मुळं खाणारी भुंगेऱ्याची अळी. वाळवा तालुक्यात माझा अडीच एकर ऊस आहे. गेल्या ऑगस्टमध्ये खोडव्याचा (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाचा) एक पट्टा पिवळा पडला. एका बेटाला हात घालून ओढलं तर ते अलगद हातात आलं. खाली मुळं शिल्लकच नव्हती. खणलं तेव्हा त्या एका बुडख्याखाली सात हुमण्या निघाल्या, गुबगुबीत, अंगाची कमान करून पडलेल्या.

त्याच रानात मी जूनमध्ये मेटारायझियम, म्हणजे हुमणी मारणाऱ्या बुरशीची पावडर, टाकलं होतं. एकरी चार किलो, कुजलेल्या शेणखतात मिसळून, जमिनीत ओल बघून. सांगितलं होतं अगदी तसंच. शेजारी म्हणाले, "जैविक म्हणजे नुसती पांढरी माती. पैसे पाण्यात." मला ते पटेना. कारण दोन वर्षांपूर्वी याच रानात नांगराच्या तासात मला एक हुमणी सापडली होती. खडूसारखी कडक, आणि अंगावर हिरवी भुकटी. म्हणजे बुरशी काम करते, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

मग उरलेलं पाकीट घेतलं, आणि ओळखीच्या माणसाकडून नुकतंच तयार झालेलं दुसरं पाकीट आणवलं. चहाचे कागदी कप, त्यात ओली माती, कपाला एक हुमणी. (दोन एकत्र ठेवल्या तर एकमेकींना चावतात, हे पहिल्याच दिवशी कळलं.) निम्म्या कपांत जुनी पावडर, निम्म्यांत ताजी. तीन आठवड्यांनी ताज्या पावडरीच्या कपांतल्या बहुतेक हुमण्या आखडून गेल्या होत्या. आधी पांढरा कापूस फुटला, मग तो हिरवा झाला. जुन्या पावडरीच्या कपांतल्या मात्र मजेत होत्या. एक तर कप कुरतडून बाहेर आली!

पाकिटावरची मुदत संपलेली नव्हती. दुकानात चौकशी केली तेव्हा कळलं, माल मार्चमध्येच आला होता आणि पत्र्याच्या गोदामात खतांच्या पोत्यांवर पडून होता. मे महिन्यात त्या पत्र्याखाली माणूस दहा मिनिटं उभा राहत नाही. बुरशी कशी जगणार?

माझं म्हणणं एवढंच आहे. हे औषध जिवंत आहे आणि आपण ते युरियासारखं विकतो. या बुरशीचा बीजाणू किडीच्या अंगाला चिकटतो, तिथे रुजतो, कातडी विरघळवून आत शिरतो आणि कीड आतून पोखरतो. त्यासाठी मुळात तो जिवंत हवा. म्हणूनच नियमाने अशा पावडरीत ग्रॅमला किमान 10 कोटी जिवंत बीजाणू लागतात. पण कारखान्यातून माल निघताना ही मोजणी भरली, तरी पुढचं काय? आमच्या हातात पाकीट पडतं तेव्हा त्यातले किती उरले, हे कोण मोजतं?

कुणी म्हणेल, हे नवं खूळ आहे. नाही साहेब. 1879 मध्ये रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांना गव्हाच्या भुंगेऱ्यावर ही हिरवी बुरशी सापडली. तो भुंगेरा आमच्या हुमणीच्याच गोतावळ्यातला. त्याच्या नावावरून तिला 'ॲनिसोप्ली' म्हणतात.

आणि दुसरा रस्ता तरी काय? हुमणीला वर्षानुवर्षं वापरलेलं फोरेट हे विषारी औषध 2020 च्या अखेरीस बंद झालं. बरं झालं. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली, ते आम्ही विसरलेलो नाही. पण विषारी औषध बंद करताना त्याच्या जागी मेलेली पावडर आली, तर शेतकरी पुन्हा जालीम औषधाच्याच मागे धावणार. त्याला दोष कसा द्यायचा?

तेव्हा तीन महिन्यांपुरती थोडी वाकडी वाट करा. हा माल मार्चमध्ये दुकानात भरू देऊ नका. पावसाच्या तोंडावर, ताजा, थेट तालुक्याला येऊ द्या. तोवर तो थंड जागेत राहील हे बघा. द्राक्ष आणि डाळिंबासाठी शीतगृहं बांधणाऱ्या राज्याला हे अवघड नाही. नमुने नुसते कंपनीच्या दारात न घेता दुकानाच्या फळीवरून घ्या, आणि बीजाणू किती निघाले ते गावच्या फलकावर लावा. दुकानदारांनाही चार गोष्टी शिकवा. बिव्हेरियाच्या (कीड मारणारी अशीच दुसरी बुरशी) पाकिटासोबत "टाका एकत्रच" म्हणून बुरशीनाशक देणारे मी पाहिलेत! तुतीच्या रानाजवळ बिव्हेरिया फवारू नये, हेही सांगायला हवं. रेशमाची अळीसुद्धा शेवटी कीटकच.

रोहिणीचा वळीव पडला की बांधावरच्या बाभळीवर संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे जमतात. तिथून जमिनीत अंडी, आणि जुलैत बारक्या हुमण्या. बुरशीला त्या बारक्याच सापडायला सोप्या. ऑगस्टनंतर मोठ्या झाल्या की काम जड जातं. म्हणजे पाकीट जूनच्या मध्यापर्यंत हातात हवं.

ते रिकामे कप आणि जुन्या पाकिटातली उरलेली पावडर मी जपून ठेवली आहे. आपल्या खात्याचा माणूस आला तर दाखवीन.

आपला,
वाळवा तालुक्यातील एक ऊस उत्पादक