आजोबांच्या पेटीतील दोन टोप्या

छत्रपती संभाजीनगर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझे पत्र आणि सोबतची छायाचित्रे मिळाली. अंबाजोगाईच्या घरी पत्र्याच्या पेटीत वकील आजोबांची फेल्टची, म्हणजे केस किंवा लोकर दाबून केलेल्या जाड कापडाची, हॅट आणि लोकरीच्या फेल्टची, गोंडा असलेली लाल रुमी टोपी (फेझ), अशा दोन्ही निघाल्या हे वाचून मला अतिशय आनंद झाला. परंतु काकू त्या धुऊन उन्हात वाळवणार आहेत असे तू लिहिलेस, म्हणून लगोलग उत्तर लिहीत आहे. कृपा करून त्यांना पाणी लावू देऊ नकोस. टोपीची ओळख पटवणाऱ्या खुणा बहुधा साफसफाईतच जातात. म्हणून आधी ओळख आणि मग स्वच्छता, हा क्रम मी कधीही मोडत नाही.

हॅट उचलताना माथ्यावरची घडी चिमटीत धरू नकोस. फेल्टला चीर पडते ती नेमकी तिथेच. काठ दोन्ही हातांनी धरून ती उलटी कर. आत घाम टिपण्यासाठी चामड्याची पट्टी शिवलेली असते. तिच्यावरचा ठसा वाच आणि चामडे कडक झाले नसेल तरच ती हलकेच बाहेर वळवून मागे मापाची चिठ्ठी आहे का ते पाहा. ५७ सेंटिमीटर घेराच्या डोक्याला इंग्रज कारखानदार ७ हे माप लिहीत, अमेरिकन ७⅛ लिहीत, तर युरोपातील इतर कारखान्यांत सरळ ५७ लिहिले जाई. त्यामुळे हॅट कुठली याचा पहिला अंदाज या आकड्यावरूनच येतो. अस्तरावर मला बोर्सालिनोचे नाव अर्धवट दिसते आहे. ही पेढी इटलीतील अलेस्सांद्रिया गावी १८५७ साली सुरू झाली. पण गाजलेल्या नावांची नक्कलही होते, म्हणून नावापेक्षा फेल्टवर विश्वास ठेव. ससा किंवा बीव्हर हा पाणथळ जागी राहणारा केसाळ प्राणी यांच्या केसांचे फेल्ट पातळ असूनही घट्ट आणि हाताला मऊ लागते. लोकरीचे जाडसर आणि खरखरीत असते.

इथे एक गोष्ट गांभीर्याने सांगतो. सशाचे केस एकमेकांत नीट गुंतावेत म्हणून पूर्वी त्यांवर पाऱ्याच्या क्षाराची प्रक्रिया करीत. त्यातून निघणाऱ्या पाऱ्याच्या वाफेने कारागिरांचे हात कापू लागत आणि मन बिघडे. अमेरिकेत ही पद्धत १९४१ साली बंद झाली. जुन्या हॅटमध्ये पाऱ्याचा अंश उरलेला असू शकतो. म्हणून हातमोजे घाल, मुलांना ती डोक्यावर घालू देऊ नकोस आणि आकार नीट करण्यासाठी तिला वाफ देण्याच्या फंदात पडू नकोस.

रुमी टोपीला ही भीती नाही, कारण लोकर आपल्या खवल्यांमुळे मुळातच गुंतते. खरे सांगायचे तर मला हॅटपेक्षा तिचेच मोल अधिक वाटते. ऑटोमन सुलतान दुसरा महमूद याने १८२९ साली ही टोपी आपल्या अधिकाऱ्यांना सक्तीची केली आणि तुर्कस्तानात १९२५ साली तिच्यावर बंदी आली. तरीही निजामाच्या राज्यात शेरवानीबरोबर ती रुबाबाने वावरत राहिली, आणि अंबाजोगाई तर तेव्हा मोमिनाबाद होती. एकाच वकिलाच्या पेटीत इटलीची हॅट आणि रुमी टोपी शेजारी असणे, यात सप्टेंबर १९४८ पूर्वीचा आपला मराठवाडा जसा दिसतो तसा एखाद्या दरबारी छायाचित्रातही दिसणार नाही. म्हणून हॅटला गिऱ्हाईक मिळाले तरी ती एकटी विकू नकोस. रुमी टोपीच्या कडेला आतून घामाची काळी रेघ असेल, तीही तशीच राहू दे. ती आजोबांची आहे. तिचा लाल रंग ओल्या फडक्यालाही सुटू शकतो, आणि गोंड्याचे रेशीम जीर्ण झाले असेल तर तो विंचरू नये.

मला सर्वांत जास्त काळजी कसरीची आहे, कारण ती केस आणि लोकर दोन्ही खाते. फेल्टवर बारीक खड्डे किंवा पांढरट जाळी दिसली, तर दोन्ही टोप्या वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेव. मात्र तुमच्याकडे वीज तासन् तास जाते, तेव्हा घरच्या फ्रीजवर विसंबण्यापेक्षा कुणाच्या तरी दुकानातील, जनरेटरवर चालणारा मोठा फ्रीझर बघ. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये; ती खोलीच्या तापमानाला आली की मगच उघडावी, नाहीतर आत दव धरते.

त्यानंतर घोड्याच्या केसांच्या मऊ ब्रशने, केसांचा कल असेल त्या दिशेने, धूळ हलकेच झटक. चामड्याला खोबरेल तेल लावू नकोस, ते फेल्टमध्ये उतरते आणि डाग कायमचा राहतो. डांबराच्या गोळ्या टोपीला टेकवून ठेवू नयेत. वर्तमानपत्राऐवजी कोरा पांढरा कागद माथ्यात सैलसर भर आणि हॅट माथ्यावर उलटी ठेव, म्हणजे काठ चपटा होत नाही. माळ्यावर मात्र पुन्हा ठेवू नकोस. मे महिन्यात पत्र्याखाली चामडे तडकते आणि पावसाळ्यात बुरशी धरते. खालच्या मजल्यावरचे, बाहेरच्या भिंतीला न टेकलेले कपाट उत्तम.

चामड्याच्या पट्टीमागची चिठ्ठी आणि रुमी टोपीचे आतले अस्तर, या दोहोंची छायाचित्रे दिवसाच्या उजेडात काढून पाठव. आजोबांचा त्या टोप्यांतील एखादा फोटो घरात असेल तर काकूंना विचार. त्यांच्या आठवणीत कोणती टोपी कधी घातली जाई हेही लिहून ठेव. काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझा बालमित्र