मेस्त्री, ती पितळी पट्टी तुम्हाला दिसली

मेस्त्री, नमस्कार.

पत्रं वाचायचा तुम्हाला कंटाळा, हे ठाऊक आहे. पण नातू मोबाईलवर वाचून दाखवेल म्हणून उघडच लिहितेय. बिल तुम्ही लेथच्या मजुरीचं आणि गनमेटलचं तेवढंच लावलंत. बाकीचं कुठे मांडायचं ते मला कळेना.

त्या दिवशी पहाटे उद्यमनगरात तुमच्या दारात पिकअप थांबली तेव्हा तुमचा सुट्टीचा दिवस होता. तोंडात ब्रश, खांद्यावर टॉवेल. गोणपाट बाजूला करून ड्रम बघितलात आणि म्हणालात, "चरक हाय का उसाचा?" कॉफीचा पल्पर आहे, फळाची साल काढायचं यंत्र, म्हटल्यावर हसलात. "आपल्यात कॉफी कोन पितंय? गंगावेशीत म्हशीचं दूध प्यायचं सोडून!"

खरंच आहे तुमचं. आमच्या भावकीलाही साठ वर्षांत हे पटलेलं नाही. उसाचं रान भावाला देऊन आजोबा 1958 साली चिकमगळूरकडं गेले ते एका मळ्यावर रायटर म्हणून. रायटर म्हणजे हजेरी आणि हिशेब लिहिणारा. पुढं मुडिगेरेजवळ त्यांनी अकरा एकर घेतले. सिल्व्हर ओक आणि पांगाऱ्याच्या सावलीत कॉफी, झाडांवर चढवलेली मिरी. आम्ही त्याला तोट म्हणतो, तिथला शब्द. आजोबांनंतर आप्पा, आणि आता मी, निम्मा महिना मंगळवार पेठेत, निम्मा तिकडे.

आदल्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, ड्रमचा दांडा ज्यात फिरतो तो बुश जाम झाला, ड्रम कलला आणि तांब्याचा पत्रा फाटला. शेडमध्ये नऊशे किलो फळ पडलेलं. अरेबिकाचं पिकलं फळ तोडलं की त्याच दिवशी सोलायला लागतं. रात्रभर ढिगात राहिलं तर आतून गरम होतं, आंबतं, तो वास मग बियांतून जात नाही. शेजारच्या बागेतला पल्पर त्यांच्याच तोडणीत अडकलेला. आम्ही सगळं फळ अंगणात पसरलं, तसंच सालासकट वाळवायला. ते 'चेरी' म्हणून जातं, भाव कमी. पण तोडणी काही एका दिवसाची नसते, मजूर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा टोपल्या घेऊन उभे राहणार होते. ज्या दुकानदाराला फोन केला तो म्हणाला, हे मॉडेल भंगारात घाला, नवीन घ्या.

तुम्ही मात्र ड्रमवरून अंगठा फिरवत बसलात. पत्र्यावरचे ते फुगीर दाणे एकेक चाचपत, डोळे मिटून, आमच्याकडं लक्षच नाही. "एका अंगाला जास्त झिजलंय," एवढंच म्हणालात. संध्याकाळी बुश तयार होता, पत्रा बसला होता, आणि तुम्ही पिशवी भरून पिकअपमध्ये माझ्याआधी बसला होता. "बसवल्याबिगर काय कळणार?"

बसवताना डाव्या बेअरिंगखाली बोट घालून तुम्ही विचारलंत, "हिकडं पॅकिंग किती होतं?" आप्पांना आठवेना. उजवीकडं दोन पितळी पट्ट्या, डावीकडं एकच. मग त्यांना आठवलं. बऱ्याच वर्षांपूर्वी साफसफाई करताना एक पट्टी निघाली होती, पत्र्याचा तुकडा समजून त्यांनी ती टाकून दिली. आजोबांनी ती तिथं का घातली होती, हे सांगायला आजोबा नव्हते. कागदांचं म्हणाल तर सातबाऱ्यापासून खतांच्या पावत्यांपर्यंत सगळं ठेवून गेले. हे तेवढं त्यांच्या बोटातच राहिलं.

तुम्ही नवी पट्टी कापली, चार-पाच फळं टाकून ड्रम हातानं फिरवलात आणि सुटलेलं बी नखानं तपासून माझ्या हातावर ठेवलंत. अखंड. कुठं ओरखडा नाही. फट जास्त झाली तर फळ न सोलताच सुटतं, कमी झाली तर बी कापलं जातं, आणि या दोन्हींच्या मधली जागा कागदाच्या जाडीइतकी. "आता तुमी लावा," म्हणून पाना माझ्याकडं दिलात. तीनदा चुकले. तुम्ही एकदाही हात लावला नाहीत. मला सगळ्यात जास्त उपयोग त्या हात न लावण्याचा झाला.

एक गोष्ट तुम्हाला त्या वेळी सांगितली नव्हती. कापलेल्या बियांपायी व्यापारी दरवर्षी आमचे पैसे कापायचा, आणि आप्पा पल्परवरच्या गड्याला बोलायचे. कच्ची फळं मिसळतोस, लक्ष नसतं तुझं. म्हातारा ऐकून घ्यायचा. दोन वर्षांपूर्वी काम सोडून लेकाकडं लाईनीतच, म्हणजे मजुरांच्या चाळीत, राहायला गेलाय. तुम्ही जेवून झोपलात तेव्हा आप्पा बॅटरी घेऊन त्याच्याकडं गेले. काय बोलले ते आम्हाला सांगितलं नाही. आले ते बऱ्याच उशिरा.

सोबत दोन किलोचा पुडा पाठवलाय, तुम्ही लावलेल्या पल्परवरचाच. काकूंनी त्यात जायफळ घातलं तरी माझी हरकत नाही, आप्पांना फक्त कळू देऊ नका. मार्च-एप्रिलात वळीव पडला की आठ-दहा दिवसांत अख्खी बाग पांढरी होते, जाईसारखा वास सुटतो. तेव्हा दोघंही या. पाना घरी ठेवून या.

तुमची,
कॉफीवाल्यांची थोरली
मंगळवार पेठ, कोल्हापूर