छातीच्या फोटोतला डाग समजावून सांगणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर,
सादर नमस्कार.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी काढलेल्या छातीच्या एक्स-रेमध्ये माझ्या वडिलांच्या उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग दिसला, आणि ‘क्षयाची शक्यता, हृदयाचा आकार वाढलेला’ ही रिपोर्टमधली ओळ वाचून आमच्या घराचा धीर सुटला. अशा वेळी आपण वडिलांना शेजारी बसवून तो फोटो त्यांना समजावून सांगितलात, याबद्दल हे आभारपत्र.

आपण आधी डागाकडे वळलातच नाही. नाव, तारीख, डावी-उजवी बाजू पाहिलीत, श्वास पुरेसा भरला होता का हे फासळ्या मोजून ठरवलेत. तो फोटो खाटेवर बसवून समोरून घेतलेला असल्याने हृदय प्रत्यक्षाहून मोठे दिसते, हे सांगून आपण उभे राहून, छाती प्लेटला टेकवून दुसरा फोटो काढायला लावलात. त्यात हृदयाची रुंदी छातीच्या आतल्या रुंदीच्या निम्म्याहून कमी भरली आणि ती काळजी तिथेच मिटली.

मग आपण विचारलेत, “काका, जुनी फिल्म आहे का?” वडिलांना तरुणपणी क्षय झाला होता आणि आईने ती फिल्म जपून ठेवली होती. दोन्ही फिल्म उजेडाच्या पेटीवर शेजारी लावून आपण दाखवलेत की श्वासनलिका डागाच्या बाजूला, म्हणजे उजवीकडे ओढली गेली आहे. छातीत भरपूर पाणी साठले तर ते तिला पलीकडे ढकलते, उलट बरा झालेला व्रण आकसतो आणि तिला स्वतःकडे खेचतो. डागातले चुन्याचे ठिपकेही दोन्हीकडे जसेच्या तसे होते. न्यूमोनिया, क्षय, गाठ, जुना व्रण, सगळेच फोटोत पांढरे दिसते, म्हणून जुन्या फिल्मशी ताडून पाहण्याला इतके महत्त्व आहे, हे मला त्या पेटीसमोर उमगले.

एवढे स्पष्ट दिसत असतानाही फोटोत जंतू दिसत नाहीत म्हणून बेडक्यातले क्षयाचे जंतू त्यांच्या जनुकांवरून शोधणारी सीबीनॅट तपासणी करून घेण्याचा आग्रह आपण धरलात, तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. तपासणीत क्षयाचे जंतू आढळले नाहीत आणि शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली. आपल्या सांगण्याप्रमाणे दोन्ही फिल्म आता वडिलांच्या फाइलमध्ये एकत्र ठेवल्या आहेत.

आम्हा सर्वांतर्फे मनःपूर्वक आभार.

आपली कृतज्ञ,
एका रुग्णाची मुलगी