इन्सब्रुकच्या ताईंना, मनापासून

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही लगेच विषय बदलता. म्हणून आज सगळ्यांसमोर लिहिते आहे. वयस्कर आई-वडिलांना घेऊन आल्प्सला जायचं ठरवणाऱ्या आणखी कुणी हे वाचलं, तर तुम्ही मला सांगितलेलं त्यांच्याही कामी येईल.

मैत्रिणीने तुमचा नंबर दिला तेव्हा आपली ओळखदेखील नव्हती. मी तुम्हाला भली मोठी यादी पाठवली होती: झुरिक, लुसर्न, इन्सब्रुक, साल्झबर्ग, हालश्टाट, व्हिएन्ना. त्या यादीबद्दल तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. आधी विचारलंत, "आईंचे गुडघे कसे आहेत? बाबांना कशाची आवड आहे? अंडं चालतं का?" तोवर मी बऱ्याच जणांशी बोलले होते. सगळ्यांनी बजेट विचारलं, तारखा विचारल्या. आईचे गुडघे फक्त तुम्ही विचारलेत.

मग तुम्ही म्हणालात, एकाच गावात राहा. बॅगा एकदाच उघडा. आणि इन्सब्रुकच का, तेही समजावून सांगितलंत. ऑस्ट्रियातल्या टिरोल प्रांताची ही राजधानी इन नदीच्या काठी जेमतेम पावणेसहाशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे मुक्कामाला विरळ हवेचा त्रास नाही. जुन्या शहराच्या चौकात उभं राहिलं की उत्तरेला नॉर्डकेटेचा डोंगर भिंतीसारखा समोर येतो, आणि त्या डोंगरावर नेणाऱ्या गाडीचं स्टेशन चौकापासून चालत काही मिनिटांवर आहे. बाबांना इतिहास हवा होता, आईला बर्फाचे डोंगर. दोघांची सोय एकाच पत्त्यावर झाली.

महिनाही तुम्हीच ठरवलात. आमच्या डोक्यात मे होता. मे महिन्यात वरच्या वाटांवर बर्फ असतो, कितीतरी केबल कार देखभालीसाठी बंद असतात, डोंगरावरची उपाहारगृहं उघडलेली नसतात, हे मला कुठून ठाऊक असणार? गौरी-गणपती आटोपून या, असं तुम्ही सांगितलंत. सप्टेंबरच्या उत्तरार्धात उन्हाळाभर वरच्या कुरणांत चरलेल्या गाई खाली गावात आणतात. मोसम अपघाताविना पार पडला असेल तर त्यांना फुलांचे मुकुट आणि मोठाल्या घंटा घालून मिरवतात, कळपात मृत्यू झाला असेल तर सजवत नाहीत. आईने ते पाहिलं आणि तिला तिच्या माहेरचा पोळा आठवला. सगळ्या प्रवासात ती सर्वात जास्त बोलली ती त्या दिवशी.

व्हिसाचं तर तुम्ही अक्षरशः बोट धरून करवून घेतलंत. विमान म्युनिकला उतरणार म्हणून मी जर्मनीचा अर्ज उघडून बसले होते. एकाच 'शेंगेन' व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांपैकी ज्या देशात सर्वात जास्त मुक्काम, त्या देशाकडे, म्हणजे आमच्यासाठी ऑस्ट्रियाकडे अर्ज, हे तुम्ही सांगितलंत. विमा किमान ३०,००० युरोचा हवा, अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपर्यंत करता येतो, हेही. आणि सातारचे कंदी पेढे तुमच्यासाठी आणते म्हटल्यावर तुम्ही किती प्रेमाने नको म्हणालात! युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. मग मेतकूट आणि थालिपिठाची भाजणी आणली.

बाबांसाठी तुम्ही आखून दिलेल्या फेरीबद्दल काय लिहू? सोनेरी छताचा सज्जा, म्हणजे 'गोल्डनेस डाखल', सगळेच बघतात. सम्राट मॅक्सिमिलियन पहिला याने चौकातले सोहळे बघण्यासाठी तो बांधवला, त्यावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची २,६५७ कौलं आहेत. पण तुम्ही बाबांना सांगितलंत की तिथे फोटो काढा आणि वेळ राखून ठेवा शेजारच्या होफकिर्खेसाठी. त्या चर्चमध्ये मॅक्सिमिलियनच्या समाधीभोवती माणसाहून मोठे २८ काशाचे पुतळे पहारा देत उभे आहेत. मूळ बेत ४० पुतळ्यांचा होता. आणि समाधी रिकामी आहे! सम्राट १५१९ मध्ये वारला, त्याला व्हिएन्नाजवळ वीनर नॉयश्टाटला पुरलं. हे चर्च त्याच्या नातवाने, फर्डिनांडने, नंतर बांधवलं. बाबा एकेका पुतळ्यासमोर इतका वेळ रेंगाळले की मी आणि आई बाकावर निवांत बसलो.

विजयकमानीच्या दोन्ही बाजू बघा, हा तुमचा निरोपही त्यांनी तंतोतंत पाळला. १७६५ मध्ये ऑस्ट्रियाची महाराणी मारिया थेरेसा हिच्या मुलाच्या, लिओपोल्डच्या, लग्नाचा सोहळा चालू असताना तिचा नवरा, सम्राट फ्रान्सिस, इथेच अचानक गेला. म्हणून कमानीच्या दक्षिण बाजूला लग्नाचा आनंद कोरला आहे, उत्तर बाजूला मृत्यूचा शोक. घड्याळाच्या मनोऱ्यावर मात्र आईला चढवू नका, १३३ पायऱ्या आहेत, असं तुम्ही आधीच बजावलं होतं.

आणि नॉर्डकेटे. आईला डोंगरावर नेता येईल यावर माझा विश्वास नव्हता, तुमचा होता. गावातल्या 'काँग्रेस' नावाच्या स्टेशनातून सुटणारी हुंगरबुर्गची गाडी चढ लागला की डबे आपोआप सपाट ठेवते, त्यामुळे गुडघ्यांवर ताण येत नाही. (वास्तुरचनाकार झाहा हदीद यांनी आखलेली ती बर्फासारखी वळणदार स्टेशनं २००७ ची आहेत, बाबांनी त्यांचेच फोटो सर्वात जास्त काढले.) पुढे केबल कारने झेग्रुबे, १,९०५ मीटर. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर. आई लहानपणापासून कळसूबाईबद्दल ऐकत आली आणि कधी चढू शकली नाही, त्याहून उंच जागी ती काठी टेकत, धाप न लागता उभी होती. दुसरी केबल कार बदलून २,२५६ मीटरवर हाफेलेकारला गेलो, तिथून उत्तरेला कारवेंडेलच्या डोंगररांगा आणि दक्षिणेला सगळं खोरं दिसलं. शिखरावर मी एकटी जाऊन आले.

हे जमलं तुमच्या एका सल्ल्यामुळे: डोंगराचा दिवस आधी ठरवू नका. दक्षिणेकडून 'फ्योन' नावाचा कोरडा गरम वारा सुटला की केबल कार थांबवतात. रोज सकाळी वरचा कॅमेरा बघा, आकाश निरभ्र असेल तर लगेच निघा. ढगाळ दिवशी आम्ही ट्रामने श्टुबाईच्या खोऱ्यात फुल्पमेसला गेलो. १९०४ पासूनची ती लाईन कुरणांतून आणि जंगलातून तासभर रमतगमत नेते, आईला चालावं लागलंच नाही.

स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, दूध-भाजी शनिवारीच आणून ठेवा कारण रविवारी दुकानं बंद, भाज्यांच्या सुपातही मांसाचं पाणी असू शकतं म्हणून विचारा, आणि पाणी विकत घेऊ नका, नळाला नॉर्डकेटेच्या झऱ्यांचंच येतं. एवढं सगळं तुम्ही नोकरी सांभाळून, रात्री उशिरा, एका अनोळखी मुलीला टाईप करून पाठवत होतात. 'अंडं नको, मांस नको' असं जर्मनमध्ये लिहिलेली तुमची चिठ्ठी आईने पर्समधून काढलेली नाही.

माझ्या आत्येबहिणीला पुढच्या वर्षी सासूबाईंना घेऊन जायचंय, त्या व्हीलचेअर वापरतात. तुमचं सगळं लिहिलेलं मी तिला दिलं आहे, नंबर दिलेला नाही. तुम्ही हो म्हणालात तरच देईन.

तुमची,
ठाण्याची धाकटी बहीण