जमीन आरोग्य पत्रिकेत मॅग्नेशियम का नाही?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शेतातली माती तपासून शेतकऱ्याला तिचा अहवाल देणारी सरकारची जमीन आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ पासून चालू आहे. तीत बारा गोष्टी तपासतात: सामू (माती आम्ल की विम्ल ते), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश (म्हणजे पोटॅश), गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये. मॅग्नेशियम नाही. देशावरच्या काळ्या जमिनीत यावाचून फारसं अडत नसेल, आम्हा कोकणातल्या नारळ-सुपारीच्या वाडीवाल्यांचं अडतं.

इथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. जमीन वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, जांभ्याची, खाली किनाऱ्याला पुळणीची, म्हणजे वाळूची. मॅग्नेशियम धरून ठेवायची तिची ताकदच कमी, त्यामुळे बरंचसं पाण्याबरोबर वाहून जातं. गंमत म्हणजे समोरच्या समुद्राच्या लिटरभर पाण्यात सव्वा ग्रॅमच्या वर मॅग्नेशियम असतं. ददात आहे ती वाडीत!

माड ही उणीव दाखवतो. शेंड्याकडच्या झावळ्या हिरव्यागार आणि खालच्या जुन्या पिवळ्या. त्यातली एखादी हातात घ्या. पात्यांची टोकं पिवळी, दांड्याजवळ हिरवं, उन्हाकडची बाजू जास्त पिवळी. हरितद्रव्याच्या गाभ्यात मॅग्नेशियम असतं. ते कमी पडलं की माड जुन्या झावळीतलं काढून नव्या पानाला पुरवतो. दुकानात हे सांगितलं की लोह नाहीतर पोटॅश गळ्यात मारतात. अहो, लोह कमी असेल तर आधी कोवळं पान पिवळं पडतं! पोटॅश नारळाला लागतंच, पण बेताबाहेर टाकलं की मुळांना मॅग्नेशियम घेता येत नाही. पदरचे पैसे घालून दुखणं वाढवायचं.

मोठ्या माडाला वर्षाला अर्धा किलो मॅग्नेशियम सल्फेट सांगतात. ते पावसाचा जोर ओसरल्यावर, आळ्यात ओल असताना द्यायचं. जुलैत दिलं तर विरघळून जाणार. जमीन फार आम्ल असेल तर डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेला चुनखडीसारखा दगड, भुकटी करून) बरा, पण तो सावकाश लागू पडतो. पिवळी झालेली झावळी काही पुन्हा हिरवी होत नाही, फरक नव्या झावळ्यांत दिसतो. म्हणजे अंदाजाने खत घालणाऱ्याला आपलं चुकलं की बरोबर आलं, हे कळायलाही वर्ष-दोन वर्षं जातात.

म्हणून रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गापुरते तरी पत्रिकेत कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे दोन रकाने वाढवावेत. नमुना तोच, माती तीच. आणि अहवाल गणपतीच्या आत हातात पडावा, म्हणजे त्याच हंगामात खत घालता येईल.

आपला,
एक नारळ-सुपारी बागायतदार, गुहागर (जि. रत्नागिरी)