ब्राम मोलेनार यांस, विमच्या सोर्समधल्या एका छोट्या फाईलबद्दल

सप्रेम नमस्कार.

३ ऑगस्ट २०२३ रोजी तुम्ही गेलात, त्यामुळे हे आभार तुमच्यापर्यंत पोचणार नाहीत. तरीही ते मानायचेच आहेत. १९९१ मध्ये अमिगा संगणकावर पहिल्यांदा आलेल्या तुमच्या विम या टेक्स्ट एडिटरचा सोर्स कोड आज कुणी उघडला, तर 'एसआरसी' फोल्डरमधली रीडमी ही माहितीची फाईल त्याला अजून हात धरून आत नेते.

मोठ्या कोडमध्ये शिरायचं कुठून, असं विचारल्यावर 'कोड वाचा' एवढंच सांगणारे पुष्कळ भेटतात. जाणकारांनी असं झटकून टाकलं की नवखा तिथूनच परत फिरतो. तुम्ही तसं केलं नाहीत. रीडमीतल्या सूचनांनी गुंता कमी होणार नाही, सुरुवात मात्र होईल, असं आधीच सांगून टाकलंत. फाईलींची यादी अपुरी आहे, हेही लपवलं नाहीत. वाचणाऱ्याचा असा मान राखणं किती दुर्मिळ आहे!

आणि मग तो मेन लूपचा भाग. सगळ्यात जास्त आभार त्याचे. विम बहुतेक वेळ नॉर्मल मोडमध्येच, म्हणजे प्रत्येक कळ आज्ञा समजणाऱ्या स्थितीतच, असतो. 'मेन.सी' मधला लूप पुन्हा पुन्हा 'नॉर्मल.सी' मधल्या फंक्शनला बोलावतो. ते एक कळ वाचतं, तक्त्यात शोधतं आणि त्या कळीचं फंक्शन चालवतं. मजकूर टाइप करायचा इन्सर्ट मोड म्हणजे तिथूनच केलेला 'एडिट' फंक्शनचा कॉल, एस्केप दाबेपर्यंत आतल्या आत फिरणारा. हे एकदा कळलं की इन्सर्टमधली चूक 'एडिट.सी' मध्ये शोधायची, कोलनच्या कमांडची 'ईएक्स_डीओसीएमडी.सी' मध्ये आणि ओळींच्या साठवणीची 'मेमलाइन.सी' मध्ये, हे आपोआप सुचतं.

पहिलं पाऊलही तुम्हीच सांगितलंत: 'एसआरसी' मध्ये 'मेक टॅग्ज' ही कमांड; कोणतं नाव कोडमध्ये कुठे आहे याची यादी, म्हणजे टॅग्ज, ती बनवते. त्यासाठी लागणारं सीटॅग्ज हे साधन आधी बसवलेलं नसेल तर ते तिथेच अडतं. टॅग्ज तयार झाले की नावावर कर्सर ठेवून कंट्रोल आणि उजवा चौकटी कंस दाबायचा; परत यायला कंट्रोल-टी. उडी बरोबर बसूनही बदल दिसेना, तर त्या कोडवरची 'इफडेफ' ही अट पाहावी. तिच्यातलं फीचर आपल्या बिल्डमध्ये, म्हणजे आपण कंपाइल केलेल्या विममध्ये, नसेल, तर तो कोड कंपाइलच होत नाही. ':व्हर्जन' कमांडच्या यादीतली अधिक-उणे चिन्हं ते लगेच सांगतात.

इन्स्टॉल न करता 'एसआरसी' मधला नवा विम चालवला की तो सिस्टीममधलं जुनं रनटाइम, म्हणजे चालताना लागणाऱ्या फाईली, उचलतो आणि नसत्या एरर येतात. 'विमरनटाइम' हे व्हेरिएबल सोर्समधल्या 'रनटाइम' फोल्डरकडे वळवलं की झालं. मदतीची पानंही तिथल्याच 'डॉक' मध्ये आहेत. ':हेल्प डेव्हलपमेंट' तर पॅच लिहायला बसण्यापूर्वीच वाचावं; विम काय होणार नाही, हेसुद्धा तुम्ही तिथे स्पष्ट लिहून ठेवलंत.

स्वतःसाठी काही न मागता युगांडातल्या मुलांना मदत करा, असं विमच्या पहिल्याच पडद्यावर लिहिणारा माणूस नवख्याचीही काळजी घेईल, यात नवल नाही. अशा सज्जनपणाला हिशेब नसतो.

विमचा सोर्स पहिल्यांदा उतरवणाऱ्यांनी ती रीडमी आधी उघडावी आणि थेट मेन लूपवर जावं. फाईलींची यादी नंतर लागेल तशी पाहता येते.

तुमचे ऋणी,
विमचा सोर्स वाचणारे