खिचडी शिजवणाऱ्या मावशींचे आभार

आमच्या जिल्हा परिषद शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या सगळ्या मावशींचे मनापासून आभार.

शाळा भरायच्या आधीच तुम्ही तांदूळ निवडायला बसता. फडकं उलगडून मटकीला मोड आलेत का ते बघता, आणि आधी स्वतः चव घेऊन मगच पोरांना वाढता.

सरकारी हिशेब ठरलेला आहे: पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ४५० कॅलरी, १२ ग्रॅम प्रथिनं. पण ती ताटात येतात तुमच्या हातांमुळे. पहाटेच रानात कामाला जाणाऱ्या आयांची लेकरं कित्येकदा नुसत्या चहावर शाळेत येतात. उपाशी पोराला पाढे कुठून आठवणार? जेवणानंतरच्या तासाला ती फळ्याकडे लक्ष देतात, याचं श्रेय गुरुजींइतकंच तुमचं.

शिजवलेलं अन्नच द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दिला. तो रोज धुरात बसून पाळता तुम्ही. माझी मुलगी घरी गाजराला तोंड लावत नाही, तुमच्या खिचडीतलं मात्र मागून घेते!

तुमचं मानधन वाढावं आणि वेळेवर मिळावं, असा ठराव आम्ही पालक शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत मांडणार आहोत.